मंगळवेढा आधी की मोहोळ?

सोलापूर जिल्ह्यातील अकरा तालुक्यांची नावे अकारविल्हे लिहून काढायला चार जाणत्या माणसांना सांगितले, तर चारही याद्या एकसारख्या येतील याची खात्री देता येत नाही. उत्तर आणि दक्षिण सोलापूर ही नावे ‘उ’ आणि ‘द’ मध्ये घालायची की दोन्ही ‘स’खाली आणायची, हा पहिला प्रश्न, तो बाजूला ठेवला तरी ‘म’पाशी पुन्हा अडायला होते. ज्याला बाराखडी पाठ आहे आणि ‘मं, मः’ शेवटी येतात हे ज्याच्या जिभेवर बसले आहे, तो माढा, माळशिरस, मोहोळ आणि मग मंगळवेढा असे लिहील. संगणकाला हेच काम सांगितले, तर तो बहुधा मंगळवेढा सर्वांच्या आधी ठेवील. कोश चाळण्याची सवय असलेला वाचकही मंगळवेढाच आधी घेईल, पण त्याचे कारण संगणकाच्या कारणाहून वेगळे असेल. एका जिल्ह्याच्या चार नावांत इतकी अनिश्चितता असेल, तर लाखो नावांच्या शासकीय नोंदींत ती किती असेल याचा विचार करायला हवा. मराठीचा कोशक्रम हा सार्वजनिक प्रश्न आहे. तो शासनाने आणि भाषेच्या संस्थांनी लेखी स्वरूपात, संगणकाला पाळता येईल इतक्या तपशिलाने ठरवावा आणि सार्वजनिक पैशातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रणालीवर तो बंधनकारक करावा, असे माझे म्हणणे आहे.

इंग्रजीत ‘लेक्सिकोग्राफिकली’ असे एक क्रियाविशेषण आहे आणि ते दोन अर्थांनी वापरले जाते. पहिला अर्थ कोशकाराच्या कामाचा: एखाद्या शब्दाला स्वतंत्र नोंद द्यावी की दुसऱ्या नोंदीच्या पोटात घ्यावे, त्याचे अर्थ कोणत्या क्रमाने मांडावेत, असा विचार करताना तो शब्द येतो. दुसरा अर्थ गणितात आणि संगणकशास्त्रात रूढ झाला असून तो केवळ क्रमाचा आहे. दोन शब्दांचे पहिले अक्षर ताडून पाहावे, ते सारखे असेल तर दुसरे पाहावे, पहिला फरक जिथे सापडेल तिथे निकाल द्यावा, आणि एक शब्द दुसऱ्याच्या आरंभीच संपत असेल तर आखूड शब्द आधी ठेवावा, एवढाच तो नियम. हा नियम आकड्यांनाही तसाच्या तसा लावला की ‘प्रभाग १०’ हा ‘प्रभाग २’च्या आधी येतो, कारण नियमाला दहा आणि दोन दिसत नाहीत, त्याला फक्त १ आणि २ ही चिन्हे दिसतात. हे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. क्रमाचा नियम स्वतः काहीच ठरवत नाही. कोणते चिन्ह कोणाच्या आधी, हे त्याला बाहेरून सांगावे लागते. ते मराठीसाठी कोणी सांगायचे, हा खरा मुद्दा आहे.

कोशाचा क्रम निसर्गाने दिलेला नाही. लंडनमध्ये १६०४ साली रॉबर्ट कॉड्रे यांनी इंग्रजीचा एक छोटा कोश काढला, तेव्हा ‘ए’ने सुरू होणारा शब्द आरंभी शोधा आणि ‘व्ही’ने सुरू होणारा शेवटाकडे शोधा, असे वाचकाला प्रस्तावनेत समजावून सांगावे लागले होते. आपल्याकडे तर कोश मुखोद्गत करण्यासाठी होते. अमरकोश तीन कांडांत, विषयवार आणि पद्यात रचलेला आहे. त्यात स्वर्ग, भूमी, वनस्पती, माणसांचे वर्ण असे वर्ग आहेत आणि शब्द ‘शोधण्या’ची कल्पनाच त्यात नाही. मेदिनीकोशासारख्या कोशांत शब्दांची मांडणी अंत्य व्यंजनावरून केलेली आहे. शिवकालातील राजव्यवहारकोशही अमरकोशाच्याच वाटेने, वर्गवारीने गेला. पहिल्या अक्षरापासून क्रम लावलेला आणि जिल्ह्याच्या कचेरीतही उघडून पाहता येईल असा मराठी कोश छापखान्याबरोबर आला: विल्यम कॅरे यांचा १८१० चा, मोडी अक्षरांत छापलेला कोश, मग १८२९ चा शास्त्रीमंडळींचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’, मग मोल्सवर्थ यांचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश आणि १८५७ ची त्याची वाढवलेली आवृत्ती. पुढे दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत आणि नंतर १९५० साली पुरवणी विभागासह पुरा झाला. आज मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात, ही गोष्ट आनंदाची आहे. छापील कोशात क्रम लावणारा माणूस विचार करत होता आणि त्याचा निर्णय पानापानावर दिसत होता. वाचकाला तो पटला नाही तरी दोन-चार वेळा चाळून कळत होता.

संगणकाने ही जबाबदारी कोणाच्याही नकळत स्वतःकडे घेतली. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना संगणकासाठी क्रमांक देणारे कोष्टक, आणि त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आहे. ‘अ’चा क्रमांक २३०९, ‘ल’चा २३५४, ‘ळ’चा २३५५, ‘व’चा २३५७, ‘ह’चा २३६१. प्रणाली तयार करणाऱ्याने वेगळी सूचना दिली नाही, तर अनेक ठिकाणी शब्दांचा क्रम या क्रमांकांवरूनच लागतो. मग ‘मला, मवाळ, महाग, मळा’ हा मराठी माणसाला अपेक्षित असलेला क्रम मोडून ‘मला, मळा, मवाळ, महाग’ असा क्रम येतो. अनुस्वाराचा क्रमांक २३०६, म्हणजे ‘अ’च्याही आधी; म्हणून मंगळवेढा पहिला. ‘ॲ’ला मागाहून जागा मिळाल्याने त्याचा क्रमांक २४१८ आहे, आणि त्यामुळे ‘ॲल्युमिनियम’ हा शब्द ‘हौस’नंतर, इतकेच काय, देवनागरी अंकांच्याही नंतर जाऊन पडतो. ‘वाऱ्यावर’ या शब्दातील ‘ऱ’ला ‘र’हून निराळा क्रमांक असल्यामुळे तो ‘वार्षिक’च्या मागे ढकलला जातो, जरी ‘य’ हा ‘ष’च्या आधी येतो हे पहिलीतले मूलही सांगेल. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. हे कोष्टक १९८८ च्या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतलेले आहे, आणि त्या प्रणालीचा उद्देश सगळ्या भारतीय लिप्यांना एका साच्यात बसवण्याचा होता, जेणेकरून एकाच कळफलकावर आणि एकाच तक्त्यात त्या मावतील. युनिकोडची संस्था स्वतःच सांगते की हे क्रमांक म्हणजे भाषेचा क्रम नव्हे आणि प्रत्येक भाषेचा क्रम वेगळा नोंदवण्याची सोय तिने करून ठेवली आहे. ती सोय वापरण्याची सक्ती मात्र ती करू शकत नाही. ती सक्ती खरेदी करणाऱ्यानेच करावी लागते.

सोलापुरात हा प्रश्न एका भाषेचा राहत नाही. या शहरात मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्याही शाळा आहेत, पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत तेलुगू कानी पडते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. या तिन्ही भाषांच्या वर्णमाला शेजारी ठेवून पाहाव्यात. मराठीत ‘स, ह, ळ’ अशी अखेर होते. कन्नडमध्येही ‘स, ह, ळ’. तेलुगूतही ‘ह’नंतरच ‘ळ’ येतो आणि मग ‘क्ष’. तीन लिप्यांत, तीन माध्यमांच्या वर्गांत, सोलापूरची मुले ‘ळ’ची जागा एकच शिकतात. युनिकोडच्या तक्त्यांत मात्र या तिन्ही लिप्यांमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ला खेटून बसला आहे. याचा अर्थ असा, की ‘ळ’बद्दलची मागणी ही मराठीचा हट्ट म्हणून कोणी झटकून टाकू नये. ज्यांच्या उच्चारात आणि लिखाणात हे अक्षर जिवंत आहे, त्या शेजाऱ्यांचाही अनुभव हाच आहे, आणि एखादे बहुभाषिक शहर हे सांगायला राजधानीहून अधिक अधिकारी आहे.

‘यादीत चार नावे वरखाली झाली तर काय बिघडले?’ असे विचारणाऱ्यांसाठी मतपत्रिकेचे उदाहरण पुरेसे आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या कलम ३८ प्रमाणे उमेदवारांचे तीन गट केले जातात: मान्यताप्राप्त पक्षांचे, नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, आणि इतर. प्रत्येक गटात नावे वर्णक्रमाने लावली जातात. त्यावरून मतदान यंत्रावर उमेदवाराचे नाव कितव्या बटणापुढे येणार हे ठरते. आता अपक्षांच्या गटात जयश्री, झुंबर, हणमंत आणि ज्ञानेश्वर अशी चार नावे आहेत असे समजा. ‘ज्ञ’ म्हणजे ‘ज’ला जोडलेला ‘ञ’ असे मानले, तर ज्ञानेश्वर हा जयश्रीनंतर, झुंबरच्या आधी, दुसऱ्या क्रमांकावर येतो. ‘ज्ञ’ हे वर्णमालेतले शेवटचे अक्षर मानले, तर तो हणमंतच्याही खाली, चौथ्या क्रमांकावर जातो. दोन्ही मतांना आधार आहे आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पण निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती त्याला बोट ठेवून दाखवता येईल असा नियम असलाच पाहिजे, कारण समान संधीचा जिथे प्रश्न आहे तिथे ‘आमच्या संगणकाने असा क्रम दिला’ हे उत्तर उमेदवाराला देता येत नाही.

आता कोणी काही चाळत नाही, सगळे शोधचौकटीत टंकून सापडते, त्यामुळे क्रमाचा प्रश्न कालबाह्य झाला, असा एक आक्षेप घेतला जातो. मला तो उलट बाजूने महत्त्वाचा वाटतो. क्रम लावणे आणि शोधणे या दोन्हींचा पाया एकच आहे: कोणती दोन लेखने ‘एक’ मानायची आणि कोणती ‘वेगळी’. ‘ॲ’ हे अक्षर एकाच चिन्हाने टंकता येते आणि ‘अ’वर चंद्र देऊनही टंकता येते, डोळ्याला फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ते दोन भिन्न शब्द आहेत. ‘बँक’ हा शब्द चंद्रबिंदूने लिहिता येतो आणि चंद्र व अनुस्वार असे दोन स्वतंत्र ठसे देऊनही लिहिता येतो. ‘ऱ्य’चेही तसेच. आज एखाद्या खातेदाराने आपल्या संस्थेचे नाव एका पद्धतीने टंकले आणि नोंद दुसऱ्या पद्धतीने झालेली असली, तर ‘नोंद आढळली नाही’ एवढे तीन शब्द त्याच्यासमोर येतात आणि तो हात हलवत परत जातो. छापील यादीत चुकीच्या जागी गेलेले नाव निदान वरखाली बोट फिरवून सापडत असे. शोधचौकटीत चुकलेले नाव आहे की नाही हेच कळत नाही. कोशक्रमाचा नियम लिहिताना ही समान लेखनांची यादी आपोआप करावी लागते, आणि म्हणून हा नियम शोधासाठी अधिकच निकडीचा आहे.

दुसरा आक्षेप एकरूपतेचा आहे. देवनागरी लिपी हिंदी, मराठी, नेपाळी अशा अनेक भाषांची आहे, तेव्हा सगळ्यांचा एक क्रम असावा, असे काही जण म्हणतात. लिपी एक असली तरी क्रम भाषेचा असतो, हे युरोपातल्या भाषांनी फार पूर्वी मान्य केले आहे. दोन टिंबांचा ‘ए’ (ä) जर्मन कोशात साध्या ‘ए’बरोबर मिळतो आणि स्वीडिश कोशात वर्णमालेच्या अखेरीस मिळतो, दोघांची लिपी रोमनच आहे. स्पॅनिश भाषेचे उदाहरण मात्र याच्या विरुद्ध दिशेचे आहे आणि ते लपवणे योग्य होणार नाही. तिथे ‘सी-एच’ आणि दोन ‘एल’ ही जोडअक्षरे पिढ्यान्‌पिढ्या स्वतंत्र अक्षरे म्हणून कोशात आपापल्या जागी बसत होती. १९९४ साली स्पॅनिश अकादमींच्या संघाने तो क्रम सोडून दिला. म्हणजे परंपरा सोडणेही शक्य आहे आणि कधी कधी शहाणपणाचेही आहे. पण तो निर्णय भाषेच्या संस्थांनी चर्चा करून, तारीख घालून घेतला. आपल्याकडे परंपरा टिकवण्याचाही निर्णय नाही आणि सोडण्याचाही नाही. जी प्रणाली विकत येते तिच्याबरोबर क्रमही येतो.

निर्णय काय असावा याबद्दल माझी मते आहेत आणि ती सगळीच परंपरेच्या बाजूची नाहीत. ‘ळ’ हा ‘ह’नंतरच हवा, यावर तडजोड नको, ते स्वतंत्र व्यंजन आहे आणि त्याची जागा सार्वत्रिक आहे. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्वरांत अधिकृत जागा मिळाली, ‘ॲ’ला ‘ए’नंतर आणि ‘ऑ’ला ‘ओ’नंतर, १० नोव्हेंबर २०२२ ला वर्णमालेचा सुधारित निर्णय निघाला. शाळेत शिकवला जाणारा तोच क्रम कोशाने आणि यादीने पाळावा. ‘ऱ’ला ‘र’ समजूनच क्रम लावावा. अनुस्वाराच्या बाबतीत मात्र मी बाराखडीच्या विरुद्ध आहे. संस्कृत कोशांची पद्धत अशी, की ‘अंत’मधला अनुस्वार ‘न’ समजून त्याप्रमाणे शब्द बसवायचा आणि ‘अंबर’मधला ‘म’ समजून. आजच्या सामान्य मराठी वाचकाकडून ही अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे, कारण तो हे सगळे उच्चार एकाच टिंबाने लिहितो. बाराखडीप्रमाणे ‘अं’ शेवटी नेला तर ‘अंक’ हा ‘औषध’च्याही पलीकडे जातो, आणि तिथे तो कोणी शोधत नाही. मराठी विश्वकोशाच्या १९७६ साली निघालेल्या पहिल्या खंडाची सुरुवात ‘अंक’ या नोंदीने झाली, आणि तोच मार्ग मला बरोबर वाटतो. इथे संगणकाचा क्रम योगायोगाने योग्य आहे, तर तो केवळ संगणकाचा म्हणून नाकारण्याचे कारण नाही.

सर्वांत कठीण प्रश्न ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचा. वर्णमालेच्या तक्त्यात ती शेवटी आहेत आणि मुलांच्या मनात ती शेवटीच राहणार. आपटे यांच्या संस्कृत कोशात ‘क्ष’ हा ‘क’च्या पोटात आहे. माझा कल ती दोन्ही अनुक्रमे ‘क’ आणि ‘ज’मध्ये ठेवण्याकडे आहे, कारण ती जोडाक्षरे आहेत आणि ‘रक्षक’, ‘विज्ञान’ यांसारख्या शब्दांत मध्येच आलेल्या ‘क्ष’साठी आणि ‘ज्ञ’साठी निराळा नियम सांभाळणे वाचकालाही जड जाते. तक्ता शिकण्यासाठी असतो, कोश सापडण्यासाठी. तरीही ज्याला ही अक्षरे शेवटी अपेक्षित आहेत त्याच्यासाठी छापील कोशात अखेरीस ‘क पाहा, ज पाहा’ अशी नोंद ठेवावी. या एका मुद्द्यावर जाणकारांनी मला विरोध केला तर मी तो मान्य करायला तयार आहे. अनिर्णय मान्य करायला तयार नाही.

‘लेक्सिकोग्राफिकली’चे दोन्ही अर्थ, कोशकाराच्या कामाचा आणि क्रमाचा, इथे पुन्हा एकत्र येतात. सोलापुरात जन्मलेले आणि २००६ साली सोलापुरातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांचा कोश मराठीला दिला. एकाच पक्ष्याला कोकणात एक नाव, विदर्भात दुसरे, इथल्या माळरानावर तिसरे असते. ज्या गुराख्याला त्यांतले एकच ठाऊक आहे, त्याच्यासाठी तो कोश उघडतो तो केवळ सूचीच्या क्रमामुळे. हातमागापासून यंत्रमागापर्यंत या शहरात वापरल्या जाणाऱ्या शब्दांचे असेच आहे. धोटा, कांडी, फणी हे शब्द मराठी आहेत, काही तेलुगू वळणाचे आहेत, काही इंग्रजीतून घासून आलेले आहेत, आणि ते उद्या कोणी गोळा करील तेव्हा एकेका शब्दाची तीन-तीन लेखने समोर येतील. त्यांतले मुख्य कोणते आणि बाकीची कुठे बसवायची, हे ठरवणारा नियम आधी तयार असेल तर ते काम एका माणसाच्या स्मरणावर विसंबून राहणार नाही.

हे काम फार मोठ्या खर्चाचे नाही. नियमांचे निवेदन चार पानांत मावेल. त्याबरोबर मुद्दाम अवघड निवडलेल्या काही शे शब्दांची, नावांची आणि गावांची चाचणी-यादी हवी, तिचा बरोबर क्रम सोबत छापलेला हवा, आणि शासनाच्या, महापालिकेच्या व विद्यापीठांच्या निविदांमध्ये एक अट हवी, की पुरवलेली प्रणाली ही यादी दिलेल्या क्रमानेच लावेल आणि समान मानलेली लेखने एकमेकांच्या शोधात सापडतील; तसे झाले नाही तर देयक मंजूर होणार नाही. नियमांना अधिकृत रूप देण्याचे काम भाषा संचालनालय आणि राज्य मराठी विकास संस्था यांचे आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानंतर होणाऱ्या खर्चात या कामाला पहिल्या वर्षातच जागा असावी. चाचणी-याद्यांची सुरुवात मात्र जिल्ह्यांतून व्हावी, कारण आडनावे, गावांची नावे आणि धंद्याचे शब्द जिल्ह्यांत आहेत. सोलापूरच्या विद्यापीठाने आपल्या जिल्ह्याची यादी हाती घ्यावी, आणि ती करताना मराठी शाळांतील शिक्षकांबरोबर कन्नड व तेलुगू शाळांतील शिक्षकांनाही बोलवावे, म्हणजे तिन्ही लिप्यांतल्या ‘ळ’चा प्रश्न एकाच टिपणात मांडून पुढे पाठवता येईल.